प्रतिजैविकांच्या मदतीला धातू

2008 मध्ये स्वीडनमधल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला जिवाणू सापडले. हा रुग्ण आधी दिल्लीत उपचार घेऊन आला होता. या जिवाणूंवर कार्बापेनेम, म्हणजे डॉक्टरांनी शेवटच्या फळीसाठी राखून ठेवलेली औषधंही चालेनात. औषध निकामी करणाऱ्या त्यांच्यातल्या एन्झाइमचं नाव पडलं एनडीएम-1.

हे एन्झाइम जस्तावर चालतं. त्याच्या खोबणीत जस्ताचे दोन अणू असतात. त्यांनी धरून ठेवलेला पाण्याचा अंश औषधाच्या रेणूतलं चौकोनी कडं फोडतो आणि औषध निकामी होतं. हाँगकाँग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये नेमका इथेच घाव घातला. पोटाच्या अल्सरवर वर्षानुवर्षं दिलं जाणारं बिस्मथचं औषध त्यांनी वापरलं. बिस्मथने जस्ताला हुसकावून खोबणीत ठाण मांडलं, एन्झाइम थंडावलं आणि मेरोपेनेम हे कार्बापेनेम गटातलं औषध पुन्हा लागू पडू लागलं, उंदरांमध्येसुद्धा.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. नवी प्रतिजैविकं दुर्मिळ झाली असताना हातातलं औषध वाचवणं ही छोटी गोष्ट नाही.

धातूंची खरी ताकद त्यांच्या रचनेत आहे. कार्बन फार तर चार बाजूंना हात देतो, पण अनेक धातू सहा दिशांना जोडले जातात. त्यामुळे नेहमीच्या औषधांत न सापडणारे त्रिमितीय आकार घडवता येतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या पुढाकाराने जगभरातून आलेली संयुगं तपासली गेली. 2020 मध्ये त्यातल्या 906 धातुसंयुगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: जिवाणूंना मारणारी, तरी मानवी पेशींना न दुखावणारी संयुगं शंभरात जवळपास दहा निघाली. धातू नसलेल्या संयुगांत हे प्रमाण शंभरात एकही नव्हतं.

धातू म्हणजे विष, ही भीती अगदीच निराधार नाही. पण प्लॅटिनमचं सिसप्लॅटिन 1978 पासून कर्करोगावर दिलं जातं. मात्रा आणि रेणूची बांधणी, सगळं त्यावर ठरतं. म्हणूनच कुणी घरच्या घरी चांदीचं पाणी किंवा भस्म ‘जंतुनाशक’ म्हणून घेऊ नये, हे इथे कळकळीने सांगावंसं वाटतं. शिवाय जिवाणू धातूंनाही सरावतात: चांदीला दाद न देणाऱ्या साल्मोनेलाने अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागात बळी घेतल्याची नोंद 1975 चीच आहे.

संधिवातावरचं सोन्याचं औषध ऑरानोफिन, अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या एमआरएसए जिवाणूंना प्रयोगशाळेत मारतं. पण क्लेब्सिएलासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचं बाहेरचं आवरण त्याला सहसा आत शिरू देत नाही. एनडीएम सर्वाधिक फोफावलंय ते याच जिवाणूंत. तेव्हा हे आवरण ओलांडणारं धातुसंयुग घडवणं, हे या संशोधनापुढचं सर्वांत निकडीचं काम आहे.