निदर्शने आणि पोलिसी बंदोबस्त : संशोधनातील तीन रीती

मूळ हक्क : शांततेने एकत्र जमण्याचा आणि आपले गाऱ्हाणे सरकारदरबारी मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने नमूद झाला.

• वाढत्या बळाची रीत : जमाव जितका अडून राहील तितका बळाचा वापर वाढवीत न्यावयाचा, हे १९६० च्या दशकातील सूत्र. मे १९६३ मध्ये बर्मिंगहॅम येथे नागरी हक्कांसाठी निघालेल्या शाळकरी मुलांवर अग्निशामक नळांचे प्रखर फवारे मारण्यात आले आणि निदर्शकांवर पोलिसी कुत्री सोडण्यात आली.

• वाटाघाटीची रीत : १९७० नंतर रूढ. मोर्च्याचा मार्ग, वेळ, परवाना, इतकेच नव्हे तर प्रतीकात्मक अटकेचा तपशीलही उभयपक्षी आगाऊ ठरे.

• निष्प्रभ करण्याची रीत : ३० नोव्हेंबर १९९९ रोजी सिअ‍ॅटल येथे जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेस तीव्र विरोध झाला, त्यानंतर हिचा प्रसार झाला. मनाई क्षेत्रे, अडसर, टेहळणी व प्रतिबंधक अटक ही तिची साधने.

वर्गीकरण कोणाचे? : पहिल्या दोन रीतींची मांडणी क्लार्क मॅकफेल, डेव्हिड श्वाइनग्रुबर व जॉन मॅककार्थी यांनी १९९८ मध्ये केली. तिसरीचे विवेचन पॅट्रिक गिलहॅम व जॉन नोक्स यांचे.

युरोपातील अभ्यास : निदर्शकांविषयी पोलिसांच्या मनात जी प्रतिमा असते, तिचा त्यांच्या वर्तनावर होणारा परिणाम इटालियन समाजशास्त्रज्ञ दोनातेल्ला देल्ला पोर्ता यांनी अभ्यासला.

महत्त्वाचा भेद : अमेरिकी कायद्यानुसार सभेचे स्थळ, काळ व पद्धती यांवर वाजवी निर्बंध घालता येतात, मात्र ते मताच्या आशयावरून घालता येत नाहीत.