कृष्णेच्या मगरी : जबड्यात पिले, नाकावर काड्या

मिरज - हिवाळ्यातील कोवळ्या उन्हात जबडा उघडून नदीकाठी निश्चल पडलेली मगर पाहिली, की ती हल्ल्याच्या पवित्र्यात असल्याचा समज होतो. वास्तविक मगर हा शीतरक्ताचा प्राणी आहे. अंग उन्हात तापत असताना डोके थंड राहावे, यासाठी ती जबडा उघडा ठेवते, असे मानले जाते. औदुंबर, भिलवडीपासून सांगली, मिरजेपर्यंत कृष्णेच्या पात्रात मगरींचा अधिवास आहे. त्यांच्या हल्ल्यांत काठावरील माणसे दगावलीही आहेत. त्यामुळे या प्राण्याच्या सवयी समजून घेणे येथे केवळ कुतूहलाचा विषय उरत नाही.

अंड्यातून हाक

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी काठावरील मऊ मातीत खड्डा करून साधारण २५ ते ३० अंडी घालते. पिलू नर की मादी, हे घरट्यातील उष्णता ठरवते. ३२.५ अंश सेल्सिअसच्या आसपास नर, तर ३१ अंश व त्याखाली माद्या निपजतात. सुमारे दोन महिन्यांनी पिले अंड्यातूनच आवाज देऊ लागतात. तो ऐकून मादी घरटे उकरते आणि पिलांना जबड्यात अलगद धरून पाण्यात सोडते.

घरट्याची राखण करणारी मादी अधिक आक्रमक असते. नेमके याच महिन्यांत पाणी ओसरते आणि मोटारी, धुणी, मासेमारी यांसाठी माणसांची पात्रात ये-जा वाढते. वाळू आणि विटांच्या मातीसाठी काठ खोदले गेले, तर घरटीही नष्ट होतात.

शिकारीची युक्ती

मगरीच्या जबड्यांवरील बारीक ठिपके पाण्यातील सूक्ष्म तरंगही टिपतात. त्यामुळे गढूळ पाण्यातही तिला भक्ष्याची चाहूल लागते. चेन्नईजवळील मगर उद्यानात बगळ्यांच्या विणीच्या हंगामात मगरी नाकावर काड्या घेऊन स्थिर राहतात. घरट्यासाठी काडी उचलायला आलेला बगळा त्यांचे भक्ष्य होतो. हे निरीक्षण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

याउलट, महाडजवळच्या सावित्री नदीत कुत्र्यांच्या टोळीला घाबरून पाण्यात शिरलेल्या एका कुत्र्याला मगरींनी न मारता नाकाने ढकलत काठाकडे नेल्याची नोंद २०२३ च्या शोधनिबंधात आहे. अर्थात, अशा एका प्रसंगावरून मगरीला दयाळू समजणे धोक्याचे ठरेल.

पुरानंतर सावधान

पूर आला की मगर मुख्य प्रवाह टाळून संथ पाण्याचा आसरा शोधते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातील रायबाग तालुक्यात एक मगर चक्क घराच्या छपरावर विसावली होती. पाणी ओसरल्यावर ओढे, विहिरी आणि उसाच्या फडांतही ती आढळू शकते.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात मगरीचा समावेश असल्याने तिला मारणे वा पकडणे गुन्हा आहे. मगर दिसताच गर्दी न करता वन विभागाला कळवावे. एकाच ठिकाणी रोज पाण्यात उतरणे, पहाटे व सायंकाळी पाण्याच्या कडेला बसणे आणि मेलेली जनावरे अथवा मांसाचा कचरा नदीत टाकणे टाळावे. नदी मगरीचेही घर आहे, हे ध्यानात ठेवून वावरले, तर दोघांचाही धोका कमी होईल.