नॉर्दर्न पाइकच्या मासेमारीवरील हवामानाचा परिणाम

नॉर्दर्न पाइक (शास्त्रीय नाव: एसॉक्स ल्युसियस) हा उत्तर अमेरिका, युरोप व उत्तर आशियातील गोड्या पाण्यात आढळणारा शिकारी मासा आहे. तो पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो व टप्प्यात आलेल्या भक्ष्यावर झडप घालतो. गळाने केल्या जाणाऱ्या त्याच्या मासेमारीचे यश बऱ्याच अंशी हवामानावर अवलंबून असते.

तापमान

वसंत ऋतूत बर्फ वितळल्यावर पाइक अंडी घालण्यासाठी काठालगतच्या उथळ, गवताळ पाण्यात येतो. उन्हाळ्यात पृष्ठभागाचे पाणी तापून त्यातील विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण घटते. तेव्हा मोठे पाइक खोल, थंड पाण्याकडे वळतात. अशा काळात पकडून परत सोडलेले मासे दगावण्याची शक्यता वाढते. हिवाळ्यातही पाइक भक्ष्य शोधत असल्याने गोठलेल्या सरोवरांत बर्फाला भोक पाडून त्याला पकडतात.

वारा व प्रकाश

पाइक प्रामुख्याने दृष्टीच्या साहाय्याने शिकार करतो. ढगाळ हवा व लाटा यांमुळे पाण्यात शिरणारा प्रकाश मंदावतो आणि भक्ष्याला न दिसता दबा धरणे सोपे जाते. वारा प्लवकांना एका काठाकडे लोटतो. त्यांच्यामागे लहान मासे व लहान माशांमागे पाइक येतो.

हवेचा दाब

हवेचा दाब घटू लागला की पाइक अधिक संख्येने गळाला लागतो, असे अनेक मासेमार मानतात. मात्र २० हेक्टोपास्कलचा मोठा बदलही पाण्याच्या सुमारे २० सें.मी. खोलीतील फरकाएवढाच असतो. थोडे वर-खाली पोहतानाही मासा तो अनुभवतो. त्यामुळे दाबाबरोबर बदलणारे ढग, वारा व तापमान ही कारणे अधिक संभवनीय ठरतात.