रिकाम्या बाटलीचा सूर

पोरांनो, अमेरिकेतल्या शिकागो शहरात एक मुलगा राहत होता. हर्बी हॅनकॉक त्याचं नाव, जन्म १९४० सालचा. त्याच्या वस्तीतल्या मागच्या गल्ल्यांमधून कलिंगडवाल्याची घोडागाडी जायची. गल्लीत दगडी फरसबंदी. तिच्यावरून गाडीची चाकं ठेका धरल्यासारखी खडखडत जायची आणि घराघरांतून बायका कलिंगडवाल्याला हाळी द्यायच्या. चाकांचा ठेका आणि हाळीतला चढउतार त्या मुलाच्या कानात मुरला. पुढे १९६२ साली त्यातूनच त्यानं एक धून बांधली. तिचं नाव ‘वॉटरमेलन मॅन’, म्हणजे आपला कलिंगडवाला.

मुलगा विलक्षण होता. अकराव्या वर्षी शिकागोच्या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर त्यानं मोझार्टची रचना पियानोवर वाजवली. कॉलेजात त्यानं संगीताबरोबर विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यास केला, हे मात्र नीट लक्षात ठेवा. कारण सूर ऐकला की तो कुठून आणि कसा निघतो, हे खोलून बघण्याची ओढ या माणसाला होती. माझ्या मते त्याच्या संगीताची निम्मी गंमत त्या ओढीत आहे.

आता येऊ १९७३ सालावर. तोवर हर्बी माइल्स डेव्हिस या थोर ट्रम्पेटवादकाच्या संचात वाजवून नावारूपाला आला होता. त्याला आता पाय थिरकवणारं काही करायचं होतं. जॅझमधली जागेवर सुचत जाणारी वळणं, रॉक आणि फंकचा ठणठणीत ठेका, आणि विजेवर चालणारी नवी वाद्यं. सॅन फ्रान्सिस्कोत पाच जण जमले आणि त्यांनी ‘हेड हंटर्स’ नावाची तबकडी केली. चारच रचना, आणि त्यातली पहिली, ‘कमेलियन’, जवळजवळ सोळा मिनिटांची! तबकडी दहा लाखांहून जास्त खपली. जॅझच्या तबकडीला असा खप क्वचितच मिळायचा.

या तबकडीत हर्बीनं आपला जुना कलिंगडवालाही नव्या कपड्यांत आणला. तेव्हाची सगळ्यात आधुनिक यंत्रं हाताशी असताना या धुनेची सुरुवात कशानं होते, सांगा बरं? बिअरच्या रिकाम्या बाटलीनं! बिल समर्स नावाचा तालवादक बाटलीच्या तोंडावर फुंकर मारतो, लगेच स्वतःच्या आवाजात एक सूर लावतो, पुन्हा फुंकर, पुन्हा सूर. असे थर एकावर एक चढतात आणि सगळं रान जागं झाल्यासारखं वाटतं.

बाटली वाजते कशी? काच वाजते असं वाटेल, पण काच जवळपास गप्पच असते. गाते ती आतली हवा. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून दांडा खाली रेटला तर तो हाताला परत उसळी देतो ना? दाबलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. बाटलीच्या पोटातली हवा म्हणजे तशी स्प्रिंग, आणि तिच्यावर बसलेला गोळा म्हणजे बाटलीच्या मानेतली चिमूटभर हवा. फुंकरीनं मानेतली हवा आत ढकलली जाते, पोटातली हवा दबते आणि तिला बाहेर फेकते. बाहेर जाताना ती जरा जास्तच जाते, म्हणून पोटात दाब कमी होतो आणि ती पुन्हा आत ओढली जाते. हे आत-बाहेर एका सेकंदात शंभर-दोनशे वेळा होतं, आणि आपल्या कानाला तो सूर लागतो. फुंकर त्या तालात आपोआप सापडते, कधी मानेत शिरते, कधी बाहेरून निसटते, आणि झोका चालू ठेवते. याला म्हणायचं अनुनाद.

हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं या अनुनादावर बारकाईनं काम केलं. त्यानं लहानमोठे पोकळ गोळे बनवून घेतले. त्यांचं एक तोंड कानाला लावलं की भोवतीच्या गोंगाटातून गोळ्याचा स्वतःचा सूर तेवढा उठून ऐकू यायचा. दहा सुरांच्या गर्दीतून एक सूर वेचायला निव्वळ हवा पुरते! १८६३ साली त्यानं सुरांवर मोठा ग्रंथ लिहिला.

घरी हे करून बघा. काचेची बाटली वाजवा, मग थोडं पाणी घालून वाजवा. सूर चढेल, कारण हवा कमी झाली की स्प्रिंग कडक होते. आता खालच्या सा वरून वरच्या सा वर जायचं तर किती पाणी घालाल? अर्धी बाटली, असंच तुम्ही म्हणणार. पण नाही! हवेची जागा पावपट उरेल इतकं पाणी लागतं. जागा पावपट झाली की कंपनं दुप्पट होतात. निसर्गाचा हा हिशेब मला फार आवडतो.

बाटली मागे सरते तेव्हा विजेची वाद्यं येतात, आणि त्यांच्यातही कंपनांचीच कहाणी आहे. ऱ्होड्स पियानोत पट्टी दाबली की छोटी हातोडी पोलादाच्या बारीक काडीवर आदळते. काडी थरथरते, जवळच्या चुंबकाच्या तारेत तेवढ्याच थरथरीची वीज उमटते, आणि कर्णा तिचा आवाज करतो. हलत्या धातूनं तारेत वीज उमटते ती फॅरेडे या शास्त्रज्ञानं १८३१ साली शोधलेल्या नियमानं. हे वाद्य घडवणाऱ्या हॅरॉल्ड ऱ्होड्सनं दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी खाटेवर बसून वाजवता येतील असे छोटे पियानो बनवले होते, तेही बॉम्बफेकी विमानांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून. ‘कमेलियन’मधला तो खालचा, गुरगुरणारा सूर मात्र एआरपी ओडिसी या सिंथेसायझरचा. तिथे काडी नाही, हवा नाही, वीजच थरथरते. तरी त्याची सूर गाळणारी चाळणी फिरवली की ठराविक कंपनं फुगून वर येतात. हेल्महोल्ट्झच्या गोळ्याचंच काम, फक्त विजेतलं.

आता बाटली सुचली कुठून ते सांगतो. मध्य आफ्रिकेच्या घनदाट जंगलात बाबेंझेले लोक राहतात. एकच सूर देणाऱ्या नळीत फुंकर मारायची आणि मधल्या फटीत आवाजानं सूर भरायचा, ही कला त्यांची. नळी एक, गळा एक, पण ऐकणाऱ्याला अखंड धून ऐकू येते. त्यांच्या संगीताचं ध्वनिमुद्रण सिम्हा आरोम आणि जेनेव्हीव्ह तोरेल या अभ्यासकांनी जगापुढे आणलं, आणि ते समर्सपर्यंत पोचलं. बाटली म्हणजे त्या नळीची नक्कल. तबकडी लाखोंनी खपली, मग जंगलातल्या मूळ कलावंतांना काय मिळालं, असा प्रश्न स्टीव्हन फेल्ड या अभ्यासकानं १९९६ साली जाहीरपणे विचारला. हर्बीचं म्हणणं, हे भावाभावांतलं देणंघेणं आहे. त्याचा आदर खरा होता, पण मला फेल्डचा प्रश्न रास्त वाटतो. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सांगावं, आणि मिळकतीतला वाटाही द्यावा.

ती जंगलातली नळी पपईच्या देठाची असते. कोकणातली मुलं पुंगी करतात ना, तोच पोकळ देठ! पण पपई मुळात आफ्रिकेची नाही. ती मध्य अमेरिकेची, युरोपच्या दर्यावर्दी लोकांनी सोळाव्या शतकापासून जगभर नेलेली. आणि कलिंगड आहे आफ्रिकेचं. इजिप्तमध्ये तुतनखामून राजाच्या कबरीत त्याच्या बिया सापडल्या. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या मागोमाग ते अमेरिकेत रुजलं आणि शिकागोच्या गल्लीतल्या घोडागाडीत येऊन बसलं. म्हणजे आफ्रिकेतल्या फळाची धून अमेरिकेत बांधली गेली, आणि तिची सुरुवात ज्या नळीची नक्कल आहे, ती अमेरिकेतून आफ्रिकेत गेलेल्या झाडाची.