ओवऱ्यांचे नगर

परक्या शहरात पाऊस लागला म्हणजे प्रवाशाचा हिरमोड होतो. मोजके दिवस हाताशी असतात, पाहावयाच्या स्थळांची यादी मनात तयार असते, आणि सकाळी खिडकी उघडावी तो आभाळ भरून आलेले दिसते. मग कोणी खोलीतच बसून राहतो. कोणी ओलाचिंब होऊन एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत धावत सुटतो. घरी परतल्यावर त्या शहराची आठवण म्हणून चिखल आणि पडसे यांखेरीज त्याच्याजवळ फारसे काही उरत नाही. इटलीच्या उत्तर भागातील बोलोन्या हे नगर मात्र याला अपवाद आहे. ते पावसातच पाहावे, असे म्हटले तरी चालेल.

आपेन्नाइन पर्वताच्या पायथ्याशी, पो नदीच्या विस्तीर्ण मैदानाच्या कडेला हे नगर वसले आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत तेथे बरेचदा पाऊस असतो. तो आपल्याकडील आषाढसरींसारखा कोसळून मोकळा होत नाही. बारीक, थंड आणि चिवट असा तो सकाळी सुरू होतो व संध्याकाळपर्यंत रेंगाळतो. अशा एखाद्या दिवशी प्रवासी रेल्वे स्टेशनातून बाहेर पडतो. समोरचा उघडा चौक ओलांडण्यासाठी त्याला छत्री उघडावी लागते. पण चौकापलीकडे शहराच्या मध्यभागाकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागताच त्याच्या ध्यानात येते की, आसपासच्या लोकांनी आपापल्या छत्र्या मिटून काखेत मारल्या आहेत. कारण रस्त्याच्या कडेची पायवाट आकाशाखाली नाहीच. ती घरांच्या खालून जाते.

तिला तेथील लोक ‘पोर्तिको’ म्हणतात. आपल्या देवळांभोवती ज्या ओवऱ्या असतात, त्यांच्याशी तिचे पुष्कळ साम्य आहे. एका बाजूस दुकाने व घरांचे दरवाजे, दुसऱ्या बाजूस खांबांची व कमानींची रांग, पायाखाली फरशी आणि डोक्यावर त्याच घराचा वरचा मजला, अशी तिची रचना असते. मुंबईस दादाभाई नौरोजी मार्गावरील इमारतींच्या कमानींखालून पावसाळ्यात जो चालला असेल, त्याला हे चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल. फरक एवढाच की, मुंबईत अशा कमानी काही थोड्या रस्त्यांवर आहेत. बोलोन्यात त्यांनी सारे जुने शहर विणून काढले आहे. या ओवऱ्यांची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते. त्यांतील बराच मोठा भाग जुन्या गावातच आहे. २०२१ साली युनेस्कोने त्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली.

एवढ्या ओवऱ्या बांधण्याचे कोणाच्या मनात आले असेल? खरे पाहता त्यांचा आरंभ कोणा राजाच्या औदार्यातून झालेला नाही. तो जागेच्या टंचाईतून झाला. बोलोन्याच्या विद्यापीठाची स्थापना परंपरेने १०८८ साली झाली असे मानतात. युरोपातील ते सर्वांत जुने विद्यापीठ होय. कायद्याचा अभ्यास करण्यासाठी दूरदूरच्या देशांतील तरुण तेथे येऊ लागले. व्यापारी आले, कारागीर आले, खेड्यापाड्यांतून कामाच्या शोधात माणसे आली. तटबंदीच्या आत राहावयाला जागा पुरेना. तेव्हा घरमालकांनी एक युक्ती केली. त्यांनी लाकडी तुळया भिंतीबाहेर काढून वरचा मजला रस्त्यावर पुढे आणला व तेथे जास्तीच्या खोल्या केल्या. पुढे आलेला भाग थोडा असे तोवर तुळयांना खालून तिरपे टेकू पुरत. परंतु लोभाला सीमा नसते. मजला आणखी पुढे आला, त्याचा भार वाढला, आणि अखेर त्याला आधार देण्यासाठी थेट रस्त्यात खांब रोवावे लागले. खांब आणि भिंत यांच्यामध्ये जी जागा उरली, तीच पहिली ओवरी.

म्हणजे ज्याला आज अतिक्रमण म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. असे पुढे आलेले मजले त्या काळी युरोपातील इतर शहरांतही होते, आणि रस्ते अरुंद व अंधारे होतात म्हणून अनेक ठिकाणी ते पाडून टाकण्यात आले. बोलोन्याच्या नगरसभेने निराळा मार्ग धरला. १२८८ साली तिने असा नियम केला की, ज्या रस्त्यांवर ओवरी असणे योग्य आहे तेथे प्रत्येक नव्या घराला ती असलीच पाहिजे, आणि ज्या जुन्या घरांना ती नसेल त्यांनीही ती बांधून घ्यावी. बांधण्याचा व डागडुजीचा खर्च घरमालकाने सोसावा. पण तिच्याखालून जाण्याचा हक्क मात्र सर्वांचा. तिची उंची किती असावी हेही ठरवून दिले होते. त्या काळच्या तेथील मापाने सात फूट, म्हणजे सुमारे २.६६ मीटर. घोड्यावर बसलेल्या माणसालाही खालून जाता यावे, हा त्यातील हेतू.

या नियमातील चतुराई लक्षात घेण्यासारखी आहे. मालकाला वरची खोली मिळाली आणि वाटसरूला खालची वाट मिळाली. रस्त्याची जागा घराने घेतली होती. ती नगरसभेने छपरासह परत मिळवली. त्या छपराखाली मग केवळ चालणेच चालू राहिले असे नाही. दुकानाच्या आत अंधार असे. म्हणून चांभार, शिंपी, सुतार आपापले काम घेऊन ओवरीत बसत. तेथे उजेडही मिळे आणि पावसाचे वा उन्हाचे भयही नसे. गिऱ्हाइके तेथेच, गप्पाही तेथेच. आजही पावसाच्या दिवशी बोलोन्यातील माणसे घरात कोंडून घेत नाहीत. ओवरीत कोणी वर्तमानपत्र वाचीत उभा असतो, कोठे कॉफीच्या दुकानाची मेजे मांडलेली असतात, तर कोठे पोरे शाळेतून परतताना खांबांभोवती शिवाशिवी खेळतात.

प्रवाशाने थोडे सावकाश चालावे, म्हणजे त्याला या ओवऱ्यांतील वैचित्र्य दिसू लागते. प्रत्येक घराची ओवरी त्या घराच्या ऐपतीप्रमाणे असते. श्रीमंतांच्या वाड्यापुढे कोरीव खांब व रंगविलेली छते, तर शेजारच्याच गरिबाच्या घरापुढे साधे विटांचे खांब. एक गल्ली तर अशी आहे की, तिच्यातील ओवरीची रुंदी जेमतेम ९५ सेंटिमीटर आहे. समोरून कोणी आले तर अंग चोरूनच पुढे जावे लागते. फरशीही घरागणिक बदलते. एका घराची हद्द संपून दुसऱ्याची कोठे लागली, हे खाली पाहूनच कळते.

१५६८ साली सर्व लाकडी खांब काढून तेथे विटांचे किंवा दगडांचे खांब उभारावेत असा हुकूम निघाला. तरीही काही लाकडी ओवऱ्या टिकून राहिल्या. त्यांपैकी इझोलानी घराण्याच्या तेराव्या शतकातील घराची ओवरी सर्वांत प्रसिद्ध आहे. ओकच्या लाकडाचे सुमारे नऊ मीटर उंचीचे काळवंडलेले खांब तेथे वरचा मजला तोलून धरतात. त्यांच्या माथ्यावर, छताच्या लाकडात, तीन बाण रुतलेले आहेत अशी वदंता आहे. एका स्त्रीला मारण्यासाठी तीन धनुर्धर पाठविले होते. पण ती खिडकीत येताच तिच्या रूपाने ते गोंधळले व त्यांचे बाण छतात जाऊन बसले, अशी कथा सांगतात. कथेला पुरावा काही नाही. तथापि तेथे उभे राहून मान वर करून बाण शोधणारे प्रवासी नेहमी आढळतात, आणि पाऊस असला म्हणजे त्यांना शोधायला वेळही भरपूर असतो.

शहराच्या मध्यभागी मोठा चौक आहे. त्याच्या एका अंगाला सान पेत्रोनिओ हे विशाल चर्च उभे आहे. १३९० साली त्याचे बांधकाम सुरू झाले. पण त्याच्या दर्शनी भिंतीवरील संगमरवर अर्ध्यावरच राहिला आहे. आत फरशीवर सुमारे ६७ मीटर लांबीची एक सरळ रेषा आहे. १६५५ साली कासिनी या ज्योतिर्विदाने ती आखली. छतातील एका छिद्रातून मध्यान्ही सूर्याचा कवडसा या रेषेवर पडतो व वर्षभर तो तिच्यावरून पुढेमागे सरकतो. त्या कवडशाच्या लहानमोठ्या होणाऱ्या आकारावरून कासिनीने केप्लरच्या सिद्धांताचा पडताळा पाहिला. अर्थात पावसाच्या दिवशी रेषा असते, कवडसा नसतो. या एका ठिकाणी मात्र बोलोन्यातही पाऊस प्रवाशावर मात करतो.

चर्चच्या बाजूने निघणाऱ्या ओवरीतूनच विद्यापीठाच्या जुन्या वास्तूत जाता येते. तिला आर्किजिनाझिओ म्हणतात. जेथे जेथे हात पोचेल तेथे तेथे तिच्या भिंतींवर विद्यार्थ्यांच्या घराण्यांची रंगीत मानचिन्हे लावलेली आहेत. ती हजारोंनी मोजावी लागतील. १६३७ साली तेथे शरीरशास्त्र शिकविण्यासाठी लाकडी बाकांचे एक दालन बांधले गेले. मध्यभागी संगमरवरी मेज आणि सभोवती पायऱ्यापायऱ्यांची आसने. २९ जानेवारी १९४४ रोजी बॉम्बहल्ल्यात हे दालन कोसळले. लोकांनी ढिगाऱ्यातून त्याचे मूळ लाकूड व पुतळ्यांचे तुकडे वेचून काढले, आणि युद्ध संपल्यावर ते जसेच्या तसे पुन्हा उभारले. तेथून थोड्या अंतरावर बाराव्या शतकातले दोन बुरूज आहेत. त्यांपैकी आझिनेल्ली बुरूज सुमारे ९७ मीटर उंच आहे. दुसरा, गारिसेंदा, त्याच्या निम्म्याने उंच आणि चांगलाच कललेला. त्याची हालचाल वाढल्याचे आढळल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या सभोवारची जागा बंद करण्यात आली.

पावसाच्या पाण्याचे काय होते, हा प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. बोलोन्यात पूर्वी कालव्यांचे जाळे होते. त्यांच्या पाण्यावर पिठाच्या व रेशमाच्या गिरण्या चालत. विसाव्या शतकात त्यांतील बहुतेक कालवे झाकून त्यांवर रस्ते करण्यात आले. एका गल्लीतील भिंतीत लहानशी खिडकी आहे. ती उघडली की, घरांच्या मधून वाहणारा एक उघडा कालवा अकस्मात दृष्टीस पडतो. झाकलेले पाणी नेहमीच असे मुकाट राहत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टी झाली, तेव्हा रस्त्याखालून नेलेला रावोने नावाचा ओढा उसळून वर आला आणि शहराच्या एका भागात पाणीच पाणी झाले. माणसांच्या डोक्यावर छप्पर घालणे नगराला साधले. पाण्याच्या डोक्यावर घातलेले छप्पर तसे टिकले नाही.

पावसाशी या नगराचे नाते किती जुने आहे, हे सर्वांत लांब ओवरीवरून कळते. शहराबाहेरच्या टेकडीवर सान लूकाचे मंदिर आहे व तेथे मेरीचे एक प्राचीन चित्र आहे. १४३३ साली पाऊस थांबेचना. पिके कुजण्याची वेळ आली. तेव्हा लोकांनी ते चित्र मिरवणुकीने शहरात आणले, आणि पाऊस उघडला असे सांगतात. तेव्हापासून दरवर्षी ते खाली आणण्याची चाल पडली. पण चढणीची वाट उघडी होती. यात्रेकरू वाटेतच भिजत. म्हणून १६७४ साली शहराच्या वेशीपासून टेकडीच्या माथ्यापर्यंत ओवरी बांधण्यास सुरुवात झाली. पैसा लोकांनी दिला. श्रीमंतांनी दिला तसा कारागिरांच्या संघांनीही दिला. १६७७ साली नागरिकांनी टेकडीवर माणसांची लांबच लांब रांग केली आणि बांधकामाचे साहित्य हातोहात वर पोचविले. अलीकडच्या काळात शाळेतील मुले तशीच रांग लावून त्या दिवसाची आठवण जागवितात.

ही ओवरी जवळजवळ ३.८ किलोमीटर लांब आहे आणि तिला ६६६ कमानी आहेत. आरंभी ती सपाट रस्त्याने जाते, मग एका डौलदार कमानीवरून रस्ता ओलांडते व टेकडी चढू लागते. चढ बराच आहे. पायऱ्या येतात, वळणे येतात, धाप लागते. एका बाजूस भिंत व दुसऱ्या बाजूस कमानी, आणि प्रत्येक कमानीत पावसाचे निराळे चित्र: भिजलेली झाडे, ओलसर कौले, धुक्यात बुडालेले मैदान. प्रवासी माथ्यावर पोचतो तेव्हा खालचे नगर बहुधा दिसत नाही. त्याच्या छत्रीवर सकाळी चौकात पडलेले थेंब मात्र केव्हाच वाळून गेलेले असतात.