कंट्रोलच्या नळीची साक्ष

मानवी शरीरातील कोणतीही पेशी घेतली, तरी तिच्यात हजारो प्रकारची प्रथिने एकाच वेळी नांदत असतात. काही तासाभरापूर्वी जन्मलेली, तर काही कित्येक दिवसांची जुनी. ती सर्व एकाच अमिनो आम्लांच्या संचातून घडलेली असल्यामुळे, भरल्या रांजणात ओतलेले तांब्याभर ताजे पाणी जसे पुन्हा वेगळे काढता येत नाही, तसे नुकतेच घडलेले प्रथिन जुन्यांतून निवडून काढणे दीर्घकाळ दुष्कर होऊन बसले होते. किरणोत्सारी गंधक असलेले मेथिओनीन पेशींना देऊन नव्या प्रथिनांची छाप फिल्मवर उमटविता येई. परंतु त्यांना जुन्यांपासून अलग करून त्यांची नावनिशीवार यादी करणे त्या खुणेच्या आवाक्यातले नव्हते.

ही अडचण दूर करण्याची तजवीज २००६ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डेव्हिड टिरेल आणि एरिन शुमन यांच्या प्रयोगशाळांतून प्रसिद्ध झाली, आणि आज आमच्या टेबलावर जो प्रयोग चालतो तो मूलतः तोच आहे. पेशींना प्रथम थोडा वेळ मेथिओनीनरहित पोषकद्रवात ठेवावयाचे, म्हणजे त्यांचा स्वतःचा साठा उतरणीस लागतो. मग मेथिओनीनच्या जागी ॲझिडोहोमोअलानिन नावाचे त्याचे प्रतिरूप द्यावयाचे. मेथिओनीनच्या टोकाला जेथे गंधक आणि त्याला जोडलेला मिथाइल गट असतो, तेथे या प्रतिरूपात नत्राचे तीन अणू एका ओळीत बसलेले असतात. त्या त्रिकुटाला ॲझाइड म्हणतात. मेथिओनीनची पारख करणारे पेशीचे एन्झाइम इतक्या बारीक फरकाला हरकत घेत नाही, आणि म्हणून त्या एकदोन तासांत रायबोसोमवर जी जी प्रथिने तयार होतात त्यांच्या साखळीत ठिकठिकाणी ॲझाइड रुजू होते. आधीपासून असलेल्या प्रथिनांत ते असण्याचा संभव नाही. जन्मवेळेची नोंद अशा रीतीने प्रथिनाच्या अंगावरच होऊन जाते.

ॲझाइडचा विशेष असा की सजीवांच्या रसायनात त्याला जवळजवळ स्थान नाही. पेशीतील पाणी, आम्ले, शर्करा यांपैकी कोणीही त्याच्या वाटेस जात नाही, आणि तेही कोणाच्या वाटेस जात नाही. त्याचा खरा जोडीदार म्हणजे अल्काइन, दोन कार्बनांमधील तिहेरी बंध. या दोहोंच्या संयोगाने ट्रायझोल नावाचे पाच अणूंचे स्थिर वलय होते, हे म्युनिकच्या रोल्फ हूइस्गेन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास सविस्तर अभ्यासिले होते. मात्र त्यास उष्णता लागे, वेळ लागे आणि उत्पन्नात दोन प्रकारच्या रचनांची सरमिसळ होई. २००१ मध्ये बॅरी शार्पलेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी, रेणूंचे तुकडे बिनचूक, झटपट व पाण्यातसुद्धा जुळावेत अशा अभिक्रियांच्या समूहाला ‘क्लिक केमिस्ट्री’ असे नाव दिले, आणि २००२ मध्ये कोपनहेगनचे मॉर्टन मेल्डाल व अमेरिकेतील शार्पलेस यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले की एकसंयुजी तांब्याच्या सान्निध्यात हाच संयोग सामान्य तापमानास, वेगाने आणि एकाच रचनेत पूर्ण होतो.

टेबलावर हे तांबे येते ते आपल्या परिचयाच्या मोरचुदातून. पेशी विघटित करून मिळालेल्या प्रथिनद्रवात प्रथम अल्काइन जोडलेले बायोटिन घालतात, मग मोरचूद आणि तांब्याला धरून ठेवणारा एक लिगँड यांचे मिश्रण, आणि सर्वांत शेवटी सोडियम ॲस्कॉर्बेट, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाचा क्षार. हा क्रम मोडता कामा नये. मोरचुदातील तांबे द्विसंयुजी असते व या कामास निरुपयोगी. ॲस्कॉर्बेट त्याला एकसंयुजी करते, आणि पिपेटमधून ते पडताच द्रवातील फिकट निळी छटा मावळते, तीच काम सुरू झाल्याची खूण. ॲस्कॉर्बेटचे द्रावण त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला केलेले असावे लागते, कारण हवेच्या संसर्गाने ते पिवळे पडून शक्तिहीन होते. त्याहून अधिक सावधगिरी बफरच्या बाबतीत बाळगावी लागते. बुरशी धरू नये म्हणून प्रयोगशाळेतील कित्येक बाटल्यांत सोडियम ॲझाइड घातलेले असते. अशी बाटली येथे वापरली तर बायोटिनवरील अल्काइन त्या ॲझाइडशीच संयोग पावते आणि प्रथिने रिकाम्या हाताने राहतात. म्हणून नवागताला आम्ही पिपेट हाती देण्यापूर्वी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचावयास लावतो.

एकसंयुजी तांबे जिवंत पेशीला मात्र सोसत नाही. ऑक्सिजनशी त्याचा संबंध येऊन घातक कण निर्माण होतात. आमच्या पेशी या टप्प्यापर्यंत विघटित झालेल्या असल्याने आम्हांस ती चिंता नाही. परंतु जित्या पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करा पाहू इच्छिणाऱ्या कॅरोलिन बर्टोझी यांच्यापुढे तो खडा प्रश्न होता. तो त्यांनी २००४ मध्ये तांब्यावाचून सोडविला: अल्काइनला आठ कार्बनांच्या वलयात वाकवून बसविले, म्हणजे त्या ताणातून सुटण्यासाठी ते ॲझाइडशी आपण होऊन संयोग पावते. पेशीच्या व्यवहारात ढवळाढवळ न करणाऱ्या अशा रसायनास ‘बायोऑर्थोगोनल’ हे नाव त्यांचेच. मेल्डाल, शार्पलेस आणि बर्टोझी या तिघांना २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शार्पलेस यांचे ते दुसरे.

आता बायोटिनविषयी, कारण खूण झालेली प्रथिने द्रवातून ओढून काढण्याची मूठ तेच. अंड्यातील पिवळ्या बलकापासून १९३६ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेलेले हे जीवनसत्त्व, आणि त्याच अंड्याच्या पांढऱ्या भागात त्याला घट्ट धरून ठेवणारे ॲव्हिडिन हे प्रथिन. त्याचे जिवाणूंतील भावंड म्हणजे स्ट्रेप्टॅव्हिडिन. त्याच्या चार भागांपैकी प्रत्येकात बायोटिनसाठी एक खोल खोबण असते, आणि ती पकड निसर्गात ज्ञात असलेल्या सहसंयुज नसलेल्या बंधांपैकी सर्वांत बळकट बंधांत मोडते. परंतु न जोडले गेलेले बायोटिन द्रवात शिल्लक राहिले तर तेच खोबणी अडवील, म्हणून प्रथम त्याचा निचरा करावा लागतो. मिथेनॉल, क्लोरोफॉर्म आणि पाणी घालून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरविली की द्रवाचे दोन थर होतात, व त्यांच्या मधोमध सर्व प्रथिने पापडीसारख्या पातळ पांढऱ्या चकतीच्या रूपाने तरंगत राहतात. वरचा थर त्या चकतीला धक्का न लावता ओढून घेणे हे हाताचे कसब आहे. ते पुस्तकात येत नाही, शेजारी उभे राहूनच येते.

चकती पुन्हा विरघळवून तीत स्ट्रेप्टॅव्हिडिनचा लेप असलेले तपकिरी चुंबकीय मणी सोडतात. नळी चुंबकाच्या घोडीत ठेवली की मणी एका बाजूस भिंतीला चिकटतात आणि उरलेला द्रव निर्मळ दिसू लागतो. मग साबणासारखे एसडीएस आणि तीव्र युरिया यांनी पुनःपुन्हा धुवावयाचे. अन्य कोणतीही जैविक पकड ज्या धुण्यात सुटून जावी, तेथे ही टिकून राहते. हाच गुण पुढे अडचणीचा ठरतो, कारण धरलेले सोडविणेही तितकेच कठीण. म्हणून बहुधा मण्यांवरच ट्रिप्सिनने प्रथिनांचे तुकडे करून ते मास स्पेक्ट्रोमीटरकडे पाठवितात, आणि त्या यादीत स्ट्रेप्टॅव्हिडिनचे स्वतःचे तुकडेही ओळखून वगळावे लागतात.

येथपर्यंतची कामगिरी चातुर्याची. खरी कसोटी पुढे आहे. प्रत्येक प्रयोगात आम्ही कंट्रोल म्हणून तीन नळ्या अशा ठेवतो की ज्यांतून काहीही निघू नये हीच अपेक्षा: एकीत ॲझिडोहोमोअलानिनऐवजी साधे मेथिओनीन, दुसरीत तांबे नाही, आणि तिसरीतील पेशींना सायक्लोहेक्सिमाइड देऊन प्रथिननिर्मितीच थांबविलेली. अलीकडेच एका विद्यार्थिनीने पहिला ब्लॉट, म्हणजे प्रत्येक नळीतील प्रथिने वजनानुसार एकेका ओळीत पसरवून त्यांवरील बायोटिन दाखविणारे चित्र, पडद्यावर पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. “मॅडम, तांबं न घातलेल्या नळीतसुद्धा पट्टे दिसताहेत.” मी तिला वजनाच्या खुणांशी ते ताडून पाहावयास सांगितले. एक सुमारे ७५ किलोडाल्टनवर, दुसरा सुमारे १३० वर, आणि तेच दोन पट्टे प्रत्येक ओळीत सारख्याच तीव्रतेने हजर. ते पेशीचे स्वतःचेच कार्बोक्झिलेज एन्झाइम होते, ज्यांना आपले काम करण्यासाठी बायोटिन निसर्गतःच जोडलेले असते. “म्हणजे हे आपण लावलेलं बायोटिन नाहीच?” तिने विचारले. नव्हतेच, आणि कंट्रोलची नळी नसती तर नवजात प्रथिनांच्या यादीत या जुन्या रहिवाशांची नावे बिनदिक्कत घुसली असती. मुख्य प्रयोगाच्या ओळीत मात्र वरपासून खालपर्यंत दाट छाया पसरली होती, आणि सायक्लोहेक्सिमाइडच्या ओळीत ती जवळजवळ नाहीशी झाली होती. त्या दोन ओळी शेजारी शेजारी पाहिल्यावरच आपल्या हाती पुरावा आला असे म्हणावयास आधार मिळाला.

या पद्धतीने आज प्रथिनांचेच नव्हे, तर नव्याने घडणारे डीएनए, आरएनए, शर्करा व मेदद्रव्ये यांचेही माग काढले जातात. औषध पेशीतील कोणत्या प्रथिनाला जाऊन बसते याचाही तपास असाच होतो. रेणूला खूण करण्याची विद्या आता बाजारात तयार संचाच्या रूपाने विकत मिळते, आणि महाविद्यालयातील विद्यार्थीही ती चार दिवसांत आत्मसात करतो. विकत मिळत नाही ती शहानिशा. अमुक प्रथिन पेशीत नव्याने सापडले, अमुक रेणूला अमुक औषध जाऊन जडले, अशी वार्ता वाचनात आली की विज्ञानाचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक तरुणाने आणि जिज्ञासू वाचकाने प्रथम हे विचारावे की ज्या नळीत काही सापडू नये अशी योजना होती, त्या नळीत काय सापडले. मूळ निबंधात त्याचे स्पष्ट उत्तर नसेल, तर त्या शोधाला अद्याप मान्यता देऊ नये.