बाराशे मीटर तार, ९६०० चा वेग

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत किंवा बदलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात एखाद्या रसायनांच्या कारखान्यातला पॅनल उघडला, की एकमेकींभोवती पिळलेल्या दोन बारीक तारा हमखास दिसतात. बॉयलरचं तापमान, विजेच्या मीटरचं रीडिंग, पंपाच्या ड्राइव्हची स्थिती हे सगळं या जोडीवरून कंट्रोल रूममध्ये पोहोचतं. घरी शंभर एमबीपीएसचं इंटरनेट वापरणारा नवखा इंजिनीअर सेटिंगमध्ये ‘९६००’ हा आकडा बघतो आणि चक्रावतो. सेकंदाला जेमतेम ९,६०० बिट, म्हणजे घरच्या वेगाचा दहा हजारावा हिस्सा! जुनाट यंत्रणा म्हणून तो बॉड रेट, म्हणजे हा वेग, वाढवतो आणि तासाभरात ‘कम्युनिकेशन फेल’चे अलार्म सुरू होतात.

या तारांचं मानक म्हणजे आरएस-४८५. ते १९८३ मध्ये आलं. त्यावर बहुतेक ठिकाणी जी भाषा बोलली जाते ती मॉडबस. मॉडिकॉन या अमेरिकी कंपनीने १९७९ मध्ये ती आपल्या पीएलसीसाठी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकांसाठी, तयार केली. त्याआधीचं आरएस-२३२ साधारण पंधरा मीटरपर्यंतच भरवशाचं होतं. आरएस-४८५ ने तीच मजल बाराशे मीटरवर नेली, कारण ते दोन तारांमधल्या व्होल्टेजचा फरक वाचतं. शेजारच्या मोटरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. तारांना पीळ असतो तो त्यासाठीच.

मात्र अंतर आणि वेग दोन्ही एकदम मिळत नाहीत. दहा-बारा मीटरवर ही जोडी सेकंदाला एक कोटी बिट नेते, बाराशे मीटरवर सुमारे एक लाख. जाणकारांचा ठोकताळा असा: मीटरमधली लांबी गुणिले सेकंदाचे बिट, हा गुणाकार दहा कोटींच्या आसपास ठेवावा. उल्हासनगरच्या एखाद्या छोट्या युनिटमध्ये मशीन आणि पॅनल एकाच खोलीत असतात. तिथे हा हिशेब मांडायचीही गरज पडत नाही. अंबरनाथच्या मोठ्या प्लांटमध्ये केबल ट्रेमधून वळसे घेत गेलेली तार सहज पाच-सहाशे मीटर भरते. बारवी धरणासारख्या पाणीयोजनेत तर अंतरं किलोमीटरांत असतात, तिथे सहसा फायबर किंवा बिनतारी यंत्रणाच वापरतात.

हे बंधन येतं कुठून? तांब्याची तार जलद बदलणारे संकेत जास्त खाते आणि संथ संकेत कमी. त्यामुळे कडक कोपऱ्यांचा चौकोनी संकेत लांब गेल्यावर गोलावतो, पसरतो आणि पुढच्या बिटवर सांडतो. दुसरं कारण प्रतिध्वनीचं. रिकाम्या मंगल कार्यालयात भराभर बोललं तर शब्द एकमेकांत मिसळतात, सावकाश बोललं तर कळतात. तारेतही तसंच होतं. संकेत तारेतून एका मायक्रोसेकंदात सुमारे २०० मीटर जातो. ६०० मीटरच्या टोकावर आपटून परत यायला त्याला ६ मायक्रोसेकंद लागतात. ९६०० च्या वेगात एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि चिप तो साधारण मध्यावर, म्हणजे बावन्नाव्या मायक्रोसेकंदाला वाचते. तोवर प्रतिध्वनी अनेकदा येऊन-जाऊन विरलेला असतो. वेग १,१५,२०० केला, की बिट उरतो ८.७ मायक्रोसेकंदांचा. आता प्रतिध्वनी थेट पुढच्या बिटच्या वाचनात लुडबुडतो. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावला, तर संकेत तिथेच जिरतो. तो बसवायचा राहून गेलेला असेल, तर ही चूक संथ वेगात वर्षानुवर्षं झाकलेली राहते आणि वेग वाढवला की उघडी पडते.

संकेत पसरवण्याच्या तारेच्या या स्वभावाचा पहिला मोठा फटका समुद्राखाली बसला. १८५८ च्या अटलांटिक केबलवरून राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे सोळा तास लागले. व्होल्टेज वाढवून वेग मिळवण्याच्या नादात ती केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. लांबी दुप्पट झाली तर वेग चौथाईवर येतो, असं गणित विल्यम थॉमसन म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन यांनी त्याआधीच मांडलं होतं. पुढच्या केबली हा धडा घेऊन बनल्या. ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन केबल टाकली, तीही त्यांपैकीच.

आता खरा प्रश्न: वेग वाढवून हाती काय लागतं? समजा, एका मीटरकडून दहा रजिस्टर, म्हणजे मोजमापं साठवणारे कप्पे, वाचायची आहेत. मॉडबसचा प्रश्न ८ बाइटचा, उत्तर २५ बाइटचं. प्रत्येक बाइटला ११ बिट धरले तर ३६३ बिट होतात. ९६०० च्या वेगाने त्यांना ३८ मिलिसेकंद लागतात, १,१५,२०० ने ३. पण मीटरला उत्तर तयार करायला ३० मिलिसेकंद लागत असतील, तर ते कमी होत नाहीत. मॉडबसमध्ये दोन संदेशांच्या मध्ये काही क्षण शांतता सक्तीची असते; तिच्यासह एकूण हिशेब होतो ७६ विरुद्ध ३७ मिलिसेकंद. वेग बारापट, फायदा दुप्पट! बत्तीस मीटरांची फेरी अडीच सेकंदांऐवजी सव्वा सेकंदात संपेल, इतकंच. टाकीतल्या पाण्याचं तापमान त्या सव्वा सेकंदात फारसं बदलत नाही.

जिथे खरोखर वेग हवा, तिथे आता वाट निघाली आहे. २०१९ च्या नव्या इथरनेट मानकाने एकाच पिळलेल्या जोडीवर एक किलोमीटरपर्यंत सेकंदाला एक कोटी बिट शक्य केले. तांबं तेच आहे. संकेत तारेत कसा बिघडतो याचं गणित मांडून तो दुरुस्त करणारी चिप मात्र नवी आहे. ज्वालाग्राही द्रावकांच्या प्लांटमध्ये ठिणगी पडणार नाही इतक्या कमी ऊर्जेवर चालणारा तिचा प्रकारही आहे, म्हणून रासायनिक उद्योगाला तिचं विशेष आकर्षण.

तोवर मेंटेनन्सवाल्यांनी एवढं पाहावं: रेझिस्टर फक्त दोन टोकांना आहेत ना, तार एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे ओळीने गेली आहे की मध्येच फाटे फुटलेत, शील्डचं अर्थिंग नीट आहे का, आणि ड्राइव्हची पॉवर केबल त्याच ट्रेमधून तर जात नाही? हे सगळं जागेवर असेल, तरच बॉड रेटला हात लावा. बहुतेक वेळा मग तो बदलायची गरजच उरत नाही.